बाकावर बसून काढलेले रविवार

गाव मी दोनदा सोडलं. पहिल्यांदा नोकरीसाठी, तेव्हा अख्खी मंडळी वेशीपर्यंत आली होती. पाळकसाहेबांनी रस्त्यातच प्रार्थना केली, आईनं शेंगदाण्याच्या चटणीचा डबा पिशवीत कोंबला, आणि माझ्या थोरल्या भावानं, शांतवनदादानं, ट्रंक एसटीच्या टपावर चढवून स्वतः दोरी आवळली. दुसऱ्यांदा सोडलं तेव्हा पोचवायला कुणी नव्हतं. मे महिन्याची दुपार होती. वहिनीनं वाढलेल्या पिठलं-भाकरीच्या ताटाला हातसुद्धा न लावता मी डोक्यात राख घालून निघाले होते. मागं वळून बघितलं नाही. बघितलं असतं तरी दारात कुणी असेल असं वाटत नव्हतं.

गाव खरं सुटलं ते त्या दुसऱ्या वेळी. नोकरीसाठी गेलेलं माणूस गावातलंच असतं. सुट्टीत येतं, लग्नाकार्यात मिरवतं, आपल्या वाटच्या पुरणपोळ्या राखून ठेवायला सांगतं. रागानं गेलेल्याला परत यायला कारण लागतं, आणि मी तर सगळी कारणं मोडून निघाले होते.

आपल्या मंडळीतले जे गावात राहिलात त्यांना हे ठाऊक आहे. माझ्यासारखे जे बाहेर पडलात, कुणी सुरतेला, कुणी दुबईला, त्यांनी वेगवेगळं ऐकलं असेल. म्हणून नीट सांगते.

मी एस्तेर. नगर जिल्ह्यातल्या शेवगावच्या बाजूची, आणि सध्या तंजावरला एका खासगी शाळेत हिंदी शिकवते. तमिळ मुलांना हिंदी शिकवणं म्हणजे काय ते ज्यानं शिकवलंय त्यालाच कळेल. ‘मेज’ स्त्रीलिंगी का, असं एक मुलगी मला दरवर्षी विचारते. मुलगी बदलते, प्रश्न तोच. मी लग्न केलं नाही. का केलं नाही हे विचारणारी माणसं गावात पुष्कळ होती आणि तंजावरला एकही नाही, त्यामुळे सुरुवातीला मला इथं फार मोकळं वाटलं.

राजवाड्यामागच्या गल्लीत मी रुक्मिणीबाई रावांच्या घरी वरची खोली घेऊन राहते. त्यांचं घराणं मराठ्यांच्या राज्यात इकडे आलं आणि इकडचंच झालं. पहिल्या दिवशी जिन्याखालून आवाज आला, ‘कोठें गेलीस, जेवलीस कीं?’ आणि मला रडूच आलं. इतक्या लांब, पार दक्षिणेत, कुणीतरी मराठीत जेवणाचं विचारत होतं. आठवड्याभरात कळलं की ही मराठी माझी नव्हे. शब्द आपले, पण वाक्य शेवटाकडे तमिळसारखं वर चढतं. रांगोळीला कोलम, ओसरीला तिण्णै. त्यांच्या मुलांना देवनागरी वाचता येत नाही, नातवंडांना मराठी समजते पण उत्तर तमिळमध्ये येतं. रुक्मिणीबाई मायेच्या आहेत. पण मी त्यांना ‘डोक्याला ताप झालाय’ म्हटलं की त्या खरोखर कपाळाला हात लावून बघतात. अशा वेळी बोलणं तिथंच थांबवावं लागतं.

आता राग कशाचा, ते.

आई शेवटची काही वर्षं अंथरुणाला खिळून होती. मी दर वर्षी म्हणायचे, या दिवाळीनंतर तिला तंजावरला आणते. आई म्हणायची, ‘तिकडं भाकरी मिळत नाय, मी काय करू?’ आणि मलाही, खरं सांगायचं तर, ते उत्तर सोयीचं होतं. रोज संध्याकाळी मी फोन लावायचे, दादा तिच्या कानाला धरायचा, मी प्रार्थना करायचे. मग एका पहाटे वहिनीचा फोन आला की आई गेली.

मी निघाले. तंजावरहून चेन्नई, चेन्नईहून मुंबईकडची गाडी, रिझर्व्हेशन नाही, बायकांच्या डब्यात दाराशी बसून. दर दोन तासांनी दादाला फोन करत होते, थांब, मी येतेय. तो ‘बघू’ म्हणायचा. गाडी सोलापूरच्या अलीकडे होती तेव्हा त्याचा फोन आला. म्हणाला, ‘आटपलं. आता सावकाश ये.’

एक रात्र थांबायचं होतं त्याला. नगरहून बर्फाची पेटी आणता आली असती, लोक आणतात. मी सकाळी पोचले तेव्हा कबरीवरची माती ओली होती आणि झेंडूची फुलं सुकायला लागली होती. आपल्यात मूठमाती द्यायला शत्रूसुद्धा येतो. मी पोटची पोर, मलाच तेवढी देऊ दिली नाही.

मी कबरस्थानातच, सगळ्यांसमोर, त्याला म्हणाले की आजपासून तू माझा कुणी नाहीस. दादा उचलली जीभ लावली टाळ्याला असला माणूस नाही. एसटीच्या डेपोत आयुष्यभर इंजिनाखाली पडून काम केलेला, दिवसाकाठी चार वाक्यं बोलणारा. पण त्या दिवशी तो बोलला. ‘तू फोनवर प्रार्थना केलीस,’ तो म्हणाला, ‘आम्ही चादरी धुतल्या.’

हे वाक्य मी तंजावरला घेऊन आले. सामानात दुसरं काही नव्हतंच.

आपल्या गावच्या देवळातली रीत बाहेरच्या चर्चवाल्यांना सांगितली तर त्यांना नवल वाटतं. प्रभुभोजनाच्या रविवारी, भाकर मोडण्याआधी, पाळकसाहेब पुस्तक मिटायचे, एक पायरी खाली उतरायचे आणि नुसते उभे राहायचे. बोलायचे काहीच नाहीत. बायका डावीकडं सतरंजीवर, पुरुष उजवीकडं. मग ज्याचं ज्याच्याशी वाकडं असेल त्यानं उठायचं, सगळ्यांच्या देखत त्याच्यापुढं जायचं, उजवा हात पुढं करायचा आणि म्हणायचं, ‘सलाम.’ समोरच्यानं हात हातात घेऊन म्हणायचं, ‘सलाम.’ संपलं. कारण काढायचं नाही. कोण चुकलं, आधी कुणी सुरू केलं, एक अक्षर नाही. कुणी काढलंच तर पाळकसाहेब खाकरायचे. ज्याला उठवत नसेल त्यानं भाकर आणि प्याला घ्यायचा नाही, आपल्या जागी बसून राहायचं. नळावर भांडलेल्या दोन बायका दर महिन्याला सलाम द्यायच्या आणि सोमवारी परत नळावर उभ्या ठाकायच्या, हे मी लहानपणापासून बघितलंय. आई म्हणायची, ‘भाकरी शिळी खावी, राग शिळा खाऊ नये.’ ती स्वतः फार रागीट होती. महिन्याला किमान एकदा उठायची.

तंजावरच्या देवळात तसं काही नाही. इथं पाळकाला अय्यर म्हणतात, याचं मला पहिल्यांदा हसू आलं होतं. भेटल्यावर सलाम नाही, ‘स्तोत्रम’ म्हणतात. बाक आहेत, पंखे आहेत, पण बायका इथंही डावीकडंच बसतात, केसांत मोगरा आणि डोक्यावर पदर. महिन्याच्या पहिल्या रविवारी तिरुविरुंदु, म्हणजे आपलं प्रभुभोजन. अय्यर पुस्तकातून पापांगीकाराची लांबलचक प्रार्थना म्हणतात, सगळे गुडघ्यावर येऊन ती म्हणतात, आणि न थांबता ओळीओळीनं पुढं जायला सुरुवात होते.

या मंडळीत माझं कुणाशीच वाकडं नव्हतं. वाकडं व्हायला आधी बोलणं व्हावं लागतं. मी खुशाल उठून जाऊ शकले असते, कुणी अडवलं नसतं. पण माझं आडातलं पोहऱ्यात आलेलं. गावची रीत अंगात मुरलेली. वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाकडे जायचं ते वचन मला इतकं पाठ आहे की विसरायचं म्हटलं तरी जमत नाही. आणि भावाकडे जायचं तर मला नव्हतं. म्हणून मी बाकावर बसून राहायचे. महिन्यामागून महिने, वर्षामागून वर्षं. माझ्या गुडघ्यांना पदर घासत बायका पुढं जायच्या, परत यायच्या, मान खाली घालून. मी समोरच्या बाकाच्या पाठीवरच्या रेघोट्या बघत बसायचे.

एकटं राहणं म्हणजे काय ते मला संध्याकाळी खोलीत कधी कळलं नाही. खोलीत स्वयंपाक असतो, वह्या तपासायच्या असतात, रुक्मिणीबाईंचा टीव्ही खालून ऐकू येत असतो. मला ते कळलं त्या बाकावर. अख्खी ओळ उठून गेली की लाकूड हलकं होतं, आणि त्या सगळ्या लांबीवर मी एकटीच उरायचे.

माझ्या शेजारी पुष्पम अक्का बसायच्या. साठीच्या, जाड चष्म्याच्या, नवरा गेलेला, आवाज असा की गाण्यात सगळ्यांच्या पुढं. दोन-तीन वर्षं त्यांनी काही विचारलं नाही. बहुधा त्यांना वाटत असणार की माझं दृढीकरण झालेलं नाही, म्हणून मला प्याला घेता येत नाही. मग एकदा उपासनेनंतर चपला घालताना त्यांनी विचारलंच, पुढं का येत नाहीस. माझी तमिळ तेव्हा भाजीवाल्यापुरती होती. मी एकच शब्द म्हटला, ‘कोबम.’ राग. कुणावर, त्यांनी विचारलं. ‘अण्णन,’ मी म्हटलं. भाऊ. मला वाटलं आता उपदेश येणार, वचनं येणार. त्यांनी पदरातली दोन मोगऱ्याची फुलं काढून माझ्या हातावर ठेवली आणि रिक्षा गाठायला निघून गेल्या.

दादाची खबर मला मिळायची ती फक्त मोबाइलवर. मंडळीच्या ग्रुपवर तो रोज सकाळी गुलाबाच्या चित्राचं ‘सुप्रभात’ टाकायचा. हा माणूस, ज्यानं आयुष्यात कुणाला तोंडानं सुप्रभात म्हटलं नाही. नाताळात त्यानं आईच्या कबरीला चुना दिल्याचा फोटो टाकला. मी तो मोठा करून बघितला, कडेकडेनं बघितला, आणि काही न लिहिता फोन उशीखाली सारला. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. मनातल्या मनात मी त्याच्याशी इतकं बोलले होते की त्याला ऐकवायला बसले असते तर दिवस पुरला नसता. उत्तरंसुद्धा तयार होती, त्याची आणि माझी. दर वेळी मीच जिंकायचे. जिंकून झाल्यावर भात लावायचे.

मग मागच्या वर्षी, पावसाळ्याच्या आधी, एक मेसेज आला. ग्रुपवर नाही, माझ्या नंबरवर. ‘शुक्रवारी येतोय. स्टेशनवर ये. नाय आली तरी येतो.’

मी गेले. पायांनी नेलं म्हणते, कारण मन तयार नव्हतं. गाडीतून एक म्हातारा उतरला, पांढरा पायजमा, खांद्याला डेपोतली जुनी पिशवी. मी त्याच्या मागच्या माणसांत दादाला शोधत होते. मग तो म्हातारा म्हणाला, ‘लय लांब आलीस बाई राहायला.’ तेव्हा कळलं.

शुक्रवार, शनिवार आम्ही कामापुरतं बोललो. पाणी इथं, साबण तिथं, पंख्याचं बटण हे. त्याला माझी तिन्ही त्रिकाळची इडली खाववेना. रुक्मिणीबाईंनी त्याला खाली जेवायला बोलावलं, ‘भाऊ कीं?’ म्हणून कौतुकानं वाढलं, आणि तो वर येऊन म्हणाला, ‘ही बाई मराठी बोलती का मला चिडवती?’ मला हसू आलं होतं, पण मी ते दाबलं. त्याच्यासमोर हसायचं नाही असं ठरवलं होतं ना. मी वाट बघत होते त्यानं विषय काढायची. तो काढेल आणि मग मी सगळं बाहेर काढीन, बर्फाची पेटी, सोलापूर, ‘सावकाश ये’, सगळं. त्यानं खिडकीची सैल झालेली कडी दुरुस्त केली. नळाचा वायसर बदलला. शनिवारी रात्री विचारलं, ‘उद्या देवळात प्रभुभोजन आहे का?’ आहे म्हटलं. ‘मग किती वाजता निघायचं?’ एवढंच.

रविवारी तो उजवीकडं पुरुषांत जाऊन बसला. एक अक्षर त्याला कळत नव्हतं. मी अधूनमधून बघत होते. गाण्याच्या वेळी तो चाल ओळखीची लागली की आपले मराठी शब्द पुटपुटायचा, नाहीतर नुसता अय्यरांकडं टक लावून असायचा. नंतर माझ्या लक्षात आलं की तो वाट बघत होता. अय्यर पुस्तक कधी मिटतात, पायरी कधी उतरतात. त्याच्या लेखी जगात कुठंही प्रभुभोजन असलं की ते व्हायचंच.

पुस्तक मिटलं नाही. प्रार्थना झाली, बायकांची पहिली ओळ उठून निघाली, दुसरी निघाली, आणि दादा दचकल्यासारखा उभा राहिला. गाडी सुटायला लागलेली बघून माणूस उठतो तसा. पुरुषांची पाळी यायची होती. तो बाकातून लोकांचे गुडघे ओलांडत बाहेर आला, मधली वाट पार केली आणि सरळ बायकांच्या बाजूला शिरला.

या गावात असं कुणी करत नाही. बायकांनी पदर ओढले. कुजबुज सुरू झाली. देवळाचा सेवक मागच्या दारातून लगबगीनं निघाला. तिकडं अय्यर भाकरीचं ताट हातात धरून बघत राहिले. दादाला ह्यातलं काही दिसत नव्हतं. तो बाक शोधत आला, माझ्यापुढं थांबला आणि पुष्पम अक्कांच्या डोक्यावरून त्यानं उजवा हात पुढं केला.

‘सलाम, एस्तेर.’

मी उठले नाही. तुम्हाला खोटं सांगत नाही. मला राग आला, पहिल्यापेक्षा जास्त. मनात म्हटलं, असा कसा तू एका शब्दात सुटतोस? वर्षानुवर्षं मी साठवलं ते कुठं टाकू? दोन दिवस माझ्या खोलीत होतास, तेव्हा तोंडाला कुलूप, आणि इथं, जिथं मला बोलायची मनाई, तिथं हात पुढं करतोस. त्याचा हात तसाच होता. हाताच्या रेघांत ऑइलचं काळं बसलेलं, निवृत्त झाला तरी न गेलेलं. सेवक जवळ आला आणि त्यानं दादाच्या दंडाला धरलं.

पुष्पम अक्कांनी एकदा दादाकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. हळूच विचारलं, ‘अण्णन?’ मी मान हलवली. त्या उठल्या. सेवकाला त्यांनी हाताच्या एका इशाऱ्यानं मागं सारलं, स्वतः बाकातून बाहेर वाटेत जाऊन उभ्या राहिल्या, आणि मला बाहेर यायला जागा करून दिली. शाळेत मी मुलांना जशी नजर देते तशी नजर त्यांनी मला दिली. मग मी उठले.

त्याचा हात गार होता. मी म्हटलं, ‘सलाम, दादा.’

आणि बाकीचं सगळं, इतक्या वर्षांत पाठ केलेलं, तसंच आत राहिलं. ते काढायचं नसतं. लहानपणी मला ही रीत म्हणजे नुसती मुस्कटदाबी वाटायची. त्या दिवशी कळलं की कारण काढलं असतं तर आम्ही दोघंही जिंकलो असतो आणि दोघंही घरी एकेकटे गेलो असतो. आम्ही वेदीपाशी शेजारी गुडघे टेकले. अय्यरांनी तमिळमध्ये म्हणत भाकर हातावर ठेवली, दादानं बरोबर ठिकाणी ‘आमेन’ म्हटलं. प्याल्यातला घोट मला फार गोड लागला आणि ठसकाही लागला.

घरी जाताना मोठ्या मंदिराच्या खंदकाशेजारून आम्ही चालत होतो. ऊन चढलं होतं. दादा म्हणाला, ‘तुमच्या पाळकाला सलामची वेळ द्यायला सांग. घाई करतो.’ मी म्हटलं, इथं ती रीतच नाही. तो थांबला. ‘मग तू इतकी वर्षं प्याला घेत होतीस?’ नाही म्हटलं. बसून राहायचे. तो पुन्हा चालायला लागला. मग म्हणाला, ‘मी पण.’

मला आधी समजलंच नाही.

‘मी पण बसूनच. कसा घेणार? सलाम द्यायला तू होतीस कुठं? मंडळीचा पंच होतो, तेबी सोडलं. बसून राहणारा माणूस पंच कसा चालंल?’

तुम्ही गावातले हे बघत होतात. दर महिन्याला बघत होतात, आणि मला कुणी कळवलं नाही. कळवणार कसं म्हणा, मी कुणाचा फोन उचलत होते? एकाच रविवारी, एकाच घटकेला, तो तिथं सतरंजीवर आणि मी इथं बाकावर, दोघं बसून. मी समजत होते की एकटी मी आहे. तो समजत होता, तंजावरला बहीण मजेत आहे. इतकं एकटेपण आम्ही दोघांनी मिळून वाया घालवलं, याचं मला रागापेक्षाही जास्त वाईट वाटतं.

तो मंगळवारी गेला. एक रात्र का थांबला नाही, हे त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. चादरी मी का धुतल्या नाहीत, हे त्यानंही विचारलं नाही. राग गेला का, असं विचाराल तर, तो अजून येतो. सोलापूर स्टेशनचं नाव कुठं ऐकलं तरी येतो. पण पूर्वी येऊन बसायचा, आता येऊन जातो. रविवारी दुपारी दादाचा फोन असतो. काय जेवलीस, इडली, अजून इडलीच का, पाऊस आहे का, नाही. पाच मिनिटांत आमचं संपतं.

मला वाटलं होतं, समेट झाला की तंजावर सुटेल. निवृत्त व्हायला थोडीच वर्षं राहिली, गावी जाऊन राहीन. दादानंही म्हटलं, आईची खोली रिकामीच आहे. नाताळात मी गेले. सगळ्यांना सलाम दिला, सगळ्यांनी जेवायला बोलावलं. चौथ्या दिवशी मला कळेना की सकाळी उठून करायचं काय. वहिनी मला चहा देताना चांगला कप काढत होती. कबरस्थानात गेले, आईपाशी बसले, मूठभर माती घातली, उशिरा का होईना. मग परत आले. कुणी राहा म्हणून हट्ट धरला नाही, मीही धरवून घेतला नाही. परतीच्या गाडीत मला जितकं एकटं वाटलं तितकं रागाच्या वर्षांतसुद्धा वाटलं नव्हतं. रागात निदान जायला एक ठिकाण शिल्लक होतं.

आणि तंजावरला तरी माझं कोण होतं? सगळे टीचर टीचर म्हणतात, वाट देतात, सणाला फराळाचं ताट पाठवतात. इतक्या वर्षांत माझ्यावर आवाज चढवलेलं माणूस या गावात नव्हतं. पाहुण्यावर कोण रागावतं?

आता अलीकडची गोष्ट. पुष्पम अक्कांचा नातू यंदा माझ्या वर्गात आहे. गुणी आहे, पण हिंदीत दगड. सहामाहीत तो नापास झाला. उपासनेनंतर अक्का म्हणाल्या, चार मार्क टाक, पोरगा रडतोय. मी म्हटलं, मार्क काय देवळातली खिरापत आहे वाटायला? तमिळमध्ये हे मला नीट म्हणता आलं, तेही मोठ्यानं, आणि चार बायकांसमोर. माझ्या नाकाच्या शेंड्यावरचा राग तिथं भाषा शिकून बसलाय, हे मला ठाऊक नव्हतं. अक्का लालबुंद झाल्या. त्यांनी मला जे सुनावलं त्यातलं निम्मं समजलं. तुझ्यासाठी मी भर देवळात उभी राहिले, आणि तू माझ्या घरच्या पोराला चार मार्कांनी मारतेस. दगड आहेस दगड. त्यानंतरच्या रविवारी त्या माझ्याशेजारी नव्हत्या. तीन बाक पुढं जाऊन बसल्या, पाठ ताठ, मान वळवायचं नाव नाही. ‘स्तोत्रम’ म्हटलं तर ऐकू न आल्यासारखं केलं.

मला राग आला, वाईटही वाटलं, खोलीवर येऊन मी दोन वेळा जेवले नाही. रुक्मिणीबाईंनी विचारलं काय झालं, तर मी म्हटलं, भांडण झालं. म्हणता म्हणता मला जाणवलं की या गावात हे वाक्य मी पहिल्यांदाच बोलत होते, आणि बोलताना माझा आवाज आईसारखा लागला होता.

घर म्हणजे काय, असं तुम्ही बाहेर गेलेले सगळे फोनवर एकमेकांना विचारत असता. मला विचाराल तर सांगते. जिथं आपल्यावर कुणीतरी रुसून तीन बाक पुढं जाऊन बसतं, ते घर.

येत्या रविवारी तिरुविरुंदु आहे. अय्यर थांबणार नाहीत, तेव्हा उठून अक्कांपुढं जायची वेळ मलाच साधावी लागेल. मार्क मी वाढवणार नाही, ते अक्कांनाही माहीत आहे. त्यांनी हात पुढं केला नाही तरी मी तिथून हलणार नाही.